मोत्याच्या पोटातलं

काचपट्टीच्या कडेला चिकटवलेला कागद आता तांबूस पडला आहे. त्यावर निळ्या शाईतलं माझंच जुनं, उभं अक्षर: ‘कुत्रा, नर. डोणगाव, ता. मेहकर. जठर. ७ नोव्हेंबर १९९४.’ आणि त्याखाली, उरलेल्या चिंचोळ्या जागेत कसाबसा बसवलेला एक शब्द: ‘मोत्या’. तो मी लिहिणार नव्हतो. आजीनं लिहायला लावला.

मी तेव्हा अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होतो आणि दिवाळीला घरी आलो होतो. त्या वर्षी आमच्या विषयाला अचानक भाव आला होता. पावसाळा सरता सरता बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगची बातमी आली, पाठोपाठ सुरत हादरली, आणि तोंडाला रुमाल बांधलेली माणसं एस.टी.त दिसू लागली. गावी पोचलो तर ओट्यावर बसलेले लोक मला उंदीर, पिसवा, गोळ्या यांबद्दल विचारायचे. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येरसँ या माणसानं प्लेगचा जिवाणू शोधला आणि आज तो जिवाणू त्याच्याच नावानं ओळखला जातो, हे मी मोठ्या उत्साहानं सांगायचो. नाव देणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, असं मला त्या वयात फार वाटायचं. अजूनही वाटतं, पण कारण बदललं आहे.

मोत्या आमच्या घरचा नव्हता. गल्लीतला होता. आजी चुलीपुढून उठायच्या आधी परातीत उरलेल्या पिठाची एक चानकी थापायची, ती तव्यावर भाजून उंबऱ्याबाहेर ठेवायची, आणि तो यायचा. गाईला पहिला घास आणि कुत्र्याला शेवटची चानकी, हा तिच्या स्वयंपाकाचा शिरस्ता होता. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट तिनंच आम्हाला सांगितलेली. पण ती गोष्ट आठवून ती चानकी थापत नव्हती. तिच्या सासूनं थापली म्हणून ती थापायची.

आमच्या दारात तो मोत्या. चार घरं पलीकडे शिंपीकाका त्याला शेरू म्हणायचे, आणि रात्री तो त्यांच्या मशिनखाली चिंध्यांवर झोपायचा. डांबरी रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात त्याचं नाव होतं डायवर, कारण ट्रक थांबला की तो नेमका चालकाच्या बाजूच्या दाराखाली जाऊन बसायचा. मेहकरहून मालेगावकडे जाणारा हा रस्ता म्हणजे औरंगाबाद–नागपूरचा रस्ता. आता समृद्धी महामार्ग झाला. तेव्हा मात्र सगळी वाहतूक डोणगावातूनच जायची, रात्रंदिवस. तिन्ही नावांना तो शेपूट हलवायचा. तीन घरांत तीन नावं असलेलं एकच कुत्रं, याची आम्हाला कुणालाच अडचण नव्हती.

दिवाळी सरली आणि एका पहाटे त्याच रस्त्यावर त्याला गाडीनं उडवलं. हॉटेलातल्या पोऱ्यानं येऊन सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला निवांत निजल्यासारखा पडला होता, अंग अजून कोमट होतं. शिंपीकाकांनी वर टाकायला पोतं आणलं.

मला आजही नीट सांगता येणार नाही, तो विचार माझ्या मनात कसा आला. शोक होता, पण त्याच्या शेजारीच एक जिज्ञासाही होती. अमरावतीला आमच्या सरांनी ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांबद्दल सांगितलं होतं. माणसाच्या जठरात, जिथं लोखंडाला गंज चढवील इतकं आम्ल असतं, तिथं एक वळणदार जिवाणू राहतो, आणि अल्सरचं कारण काळजी किंवा तिखट नसून बहुतेक वेळा तोच असतो. सर जाता जाता म्हणाले होते, कुत्र्यामांजरांच्या जठरात असली मळसूत्रं फार पूर्वीच दिसली होती. एवढं एकच वाक्य. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब भले माणूस. मी चाचरत विचारलं. त्यांनी आधी कुत्रं पिसाळलेलं नव्हतं ना, कुणाला चावलं होतं का, हे खोदून विचारलं, मग हातमोजे चढवले, मलाही दिले, आणि दवाखान्यामागच्या लिंबाखाली फरशीवर त्याला निजवलं. मी आधी परीक्षेसाठी बेडूक चिरला होता. हे वेगळं होतं. डॉक्टरसाहेबांचा हात मात्र हळुवार होता, जिवंत जनावरावर फिरावा तसा. जठर बाहेर घेऊन त्यांनी मोठ्या वळणाच्या बाजूनं कात्री चालवली. आत आदल्या रात्रीचं थोडं होतं: बिस्किटाचा चिखल, आणि ज्वारीची चानकी, अर्धवट विरघळलेली. ती मी ओळखली.

डॉक्टरसाहेबांनी सलाईननं आतला भाग धुतला. गुलाबी, घड्याघड्यांचं अस्तर, त्यावर भाताच्या पेजेसारखा बुळबुळीत थर. काचपट्टीच्या कडेनं तो थर अलगद खरवडला, एक थेंब सलाईन, वर पातळ काच. दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक आरशाचा होता. गोचिडतापाच्या गुरांचं रक्त पाहायला ते वापरायचे. आम्ही तो उचलून ओसरीवर आणला, आरसा उन्हाकडे वळवला. मी डोळा लावला. आधी नुसता धुरकट उजेड. मग पेशींची तुटकी खवलं. आणि मग त्यांच्यामधून, सुतारानं गिरमिट फिरवावं तसं, स्वतःभोवती गरगर फिरत काहीतरी सरळ रेषेत निघून गेलं.

मी श्वास रोखला. पुन्हा एक गेलं. मग दिसायलाच लागली, सगळीकडे. बारीक, लांब, घट्ट वळणांची मळसूत्रं. काही थांबून जागच्या जागी फिरत होती, काही पेजेतून भोक पाडत चालली होती. ज्याचा जीव गेला होता त्याच्या पोटात अजून इतकं जिवंत होतं. डॉक्टरसाहेबांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, “वीस वर्षं झाली मला. कधी पाहिलंच नाही.” त्यांचा आवाज जरासा उतरला होता. वीस वर्षांत किती कुत्री त्यांच्या हाताखालून गेली असतील, हे बहुधा ते मोजत होते.

दुसरी काचपट्टी आम्ही वाळवून जिम्सानं रंगवली. निळसर जांभळ्या रंगात ती पुन्हा दिसली, आता स्थिर. मी वहीत लिहिलं: लांबी तांबड्या पेशीच्या व्यासाएवढी किंवा थोडी जास्त, वळणं पाच ते सात. ही तीच काचपट्टी.

मोत्याला आम्ही शेताच्या बांधाला पुरलं, मीठ घालून. आजी आली होती. घरी आल्यावर मी चिठ्ठी लिहीत बसलो तेव्हा ती चाळिशी सावरत शेजारी बसली.

“काय लिहून राह्यला?”

मी वाचून दाखवलं.

“नुसतं कुत्रं काऊन लिहिलं? त्याले नाव होतं ना.”

मी म्हणालो, आजी, हे कुत्र्याचं नाही, त्याच्या पोटातल्या जंतूंचं आहे.

“मंग त्याईचं नाव लिही.”

त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. म्हणून मी मोत्या लिहिलं.

दुपारच्याच गाडीनं मी निघालो. बर्फाच्या थर्मासमध्ये जठराच्या अस्तराचा तुकडा, सलाईनच्या बाटलीत. मालेगावला गाडी बदलली, अकोल्याला बदलली, अमरावतीला प्रयोगशाळेत पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. रक्त घातलेल्या अगरच्या सहा प्लेट्स होत्या माझ्याजवळ, आठवडाभरापूर्वी ओतलेल्या. त्यांवर तो तुकडा घासला, मोठ्या बरणीत प्लेट्स रचल्या, आत मेणबत्ती लावून झाकण घट्ट केलं. ज्योत विझते तेव्हा आतला ऑक्सिजन थोडा कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त झालेला असतो; गरिबाच्या प्रयोगशाळेतला हा जुना उपाय. सदतीस अंशांना उबवणीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी काही नाही. मधे एकदा रात्रभर वीज गेली. पाचव्या दिवशी प्लेटवर पांढरे, गोल, माजलेले ठिपके आले, तोंडातले आणि मातीतले नेहमीचे जिवाणू. मळसूत्र एकही नाही. आठव्या दिवशी अगर कडेनं सुकून उचलला गेला, तेव्हा मी प्लेट्स निर्जंतुक करून टाकून दिल्या.

पाहिलं होतं, पण जगवता आलं नाही. आमच्या शास्त्रात या दोन गोष्टींमध्ये फार मोठी दरी असते, हे तेव्हा पहिल्यांदा अंगाला लागलं.

ही दरी किती रुंद आहे ते दोन-तीन वर्षांनी कळलं. ग्रंथालयात जिवाणूंच्या वर्गीकरणाचं आंतरराष्ट्रीय नियतकालिक उशिरा यायचं, त्याचा १९९६ चा अंक चाळत होतो. हेलसिंकीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या मार्या-लीसा हॅनिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख. कुत्र्यांच्या जठरातून वाढवलेला नवा जिवाणू, हेलिकोबॅक्टर बिझोझेरोनाय. शेजारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र: लांब, घट्ट वळणांचं मळसूत्र. मी उभ्या उभ्याच तो लेख वाचला. मला डोणगावची ओसरी दिसत होती.

बिझोझेरो हा कोण, ते मग शोधत गेलो, आणि हा शोध मला फार आवडून गेला. जुलिओ बिझोझेरो, इटलीतल्या तुरिनचा. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, ज्यांना आज डेंगूच्या साथीत खेड्यातला माणूसही प्लेटलेट म्हणून ओळखतो, त्यांचं काम त्यानं १८८२ साली उलगडून दाखवलं. नोबेल मिळवणारा कामिल्लो गॉल्जी त्याच्या हाताखाली शिकलेला. हा माणूस १८९२–९३ च्या सुमारास कुत्र्याच्या जठरातल्या नळीसारख्या ग्रंथी तपासत होता. त्याचा सवाल ग्रंथींचा होता, जंतूंचा नव्हता. त्या ग्रंथींच्या तळाशी, आम्ल तयार करणाऱ्या पेशींच्या अगदी आतल्या कालव्यांतसुद्धा त्याला वळणदार जीव दिसले. त्यानं ते नोंदवले, चित्रं काढली आणि आपल्या ग्रंथींकडे परतला. नाव दिलं नाही. शास्त्राच्या शिस्तीत बसेल असं नाव देण्याजोगं त्याच्या हातात काही नव्हतंच. नुसता आकार होता.

तीन-चार वर्षांनी, १८९६ साली, हुगो सालोमोननं पुढचं पाऊल टाकलं. त्यानं कुत्रा, मांजर आणि उंदीर यांच्या जठरांत हे जीव पाहिले आणि कुत्र्याच्या जठरातला बुळबुळीत थर खरवडून निरनिराळ्या प्राण्यांना खाऊ घातला. घुबड, ससा, कबूतर, बेडूक, कुणाच्या पोटात ते टिकले नाहीत. पांढऱ्या उंदरांच्या पोटात मात्र आठवडाभरात जठर गच्च भरलं. प्लेटवर न वाढणारा जीव वाढवण्याची ही त्या काळातली सगळ्यात हुशार रीत होती असं मला वाटतं: जो जीव काचेत जगत नाही त्याला दुसऱ्या पोटात जगवायचं.

आणि मग हे सगळं विसरलं गेलं. म्हणजे कागदावर राहिलं, मनातून गेलं. १९५४ साली अमेरिकेत एडी पामर यांनी माणसांच्या जठराचे हजाराहून जास्त नमुने तपासले, त्यांना एकही मळसूत्र दिसलं नाही, आणि जठरात जिवाणू राहूच शकत नाही ही समजूत पक्की झाली. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात ते दिसणं अवघडच होतं. रंग बदलला असता तर इतिहास बदलला असता. पंचवीस वर्षांनी, १९७९ साली, पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन यांनी चांदीचा रंग वापरला आणि त्यांना ते दिसले. त्यांच्याबरोबर तरुण बॅरी मार्शल काम करू लागले. किती तरी नमुन्यांच्या प्लेट्स दोन दिवसांनी रिकाम्या म्हणून फेकून दिल्या जात होत्या. १९८२ च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या लांब सुट्टीमुळे एक प्लेट पाच दिवस उबवणीत राहून गेली, आणि तिच्यावर वाढ दिसली. दोन वर्षांनी मार्शलनी तो जिवाणू स्वतः प्यायला आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. त्या जिवाणूचं नावही दोनदा बदललं आणि १९८९ मध्ये ते हेलिकोबॅक्टर पायलोरी असं ठरलं.

मी ईस्टरच्या त्या प्लेटचा पुष्कळ विचार केला आहे. ती योगायोगाची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती वेळ देण्याची गोष्ट वाटते. तो जीव सावकाश वाढतो. आपण त्याला आपल्या घाईनं मोजत होतो.

हेलसिंकीच्या लोकांनी काय केलं, ते मी आता माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी बारकाईनं सांगतो, कारण ‘नवी प्रजाती सापडली’ या तीन शब्दांमागची मेहनत वर्तमानपत्रात कधी येत नाही. एंडोस्कोपची नळी घालून कुत्र्यांच्या जठरातला तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा. तो ताबडतोब ताज्या, ओलसर अगरवर ठेवायचा. माझ्या आठवड्याच्या जुन्या, कडेनं सुकलेल्या प्लेट्स मला इथं आठवतात. बरणीतली हवा मोजून द्यायची: ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा खूपच कमी, पण शून्यही नाही. मेणबत्ती विझते त्यानंतरही बरणीत या जिवासाठी फार जास्त ऑक्सिजन शिल्लक असतो. दहा-दहा दिवस थांबायचं. आणि एवढं करून ठिपके येतच नाहीत. हा जिवाणू गोल वसाहत करत नाही. ओल्या अगरवर तो पारदर्शक साय धरल्यासारखा पसरतो, आणि प्लेट उजेडाशी तिरकी धरली तरच ती साय दिसते. माझ्या प्लेटवर तो असता, तरी मला तो दिसला असता का, याची मला खात्री देता येत नाही.

वाढला, की मग खरी ओळख सुरू होते. तो यूरिया फोडून अमोनिया करतो का? या अमोनियाच्याच जोरावर तो स्वतःभोवतीचं आम्ल मारून जठरात तग धरतो. कोणती साखर, कोणती औषधं, कोणतं तापमान. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अंगाभोवती दोऱ्यासारखे तंतू गुंडाळलेत का. मांजरात प्रथम सापडलेल्या हेलिकोबॅक्टर फेलिसच्या अंगावर ते असतात, याच्या नाहीत. मग प्रथिनांचे पट्टे. मग रायबोसोमच्या एका जनुकाचा क्रम, जो आजकाल सगळ्यात आधी पाहिला जातो. इथं अडचण अशी आली, की कुत्र्यामांजरांतली ही भावंडं त्या जनुकात जवळजवळ सारखीच निघतात. चेहऱ्यावरून जुळे ओळखता येऊ नयेत तसं. तेव्हा सबंध डीएनएलाच विचारावं लागतं: दोघांचे डीएनए तापवून त्यांचे धागे सोडवायचे, एकत्र करायचे आणि थंड होताना परका धागा परक्या धाग्याला किती घट्ट धरतो ते मोजायचं. साधारण सत्तर टक्क्यांच्या खाली जुळलं तर दोन प्रजाती वेगळ्या, असा दंडक १९८७ पासून चालत आला. या कसोटीवर बिझोझेरोचा जिवाणू वेगळा ठरला. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, त्याच हेलसिंकीत आणखी एक वेगळा ठरला आणि त्याला सालोमोनचं नाव मिळालं: हेलिकोबॅक्टर सालोमोनिस. ज्यानं उंदरांना पोटातला थर खाऊ घातला त्याला शंभर वर्षांनी त्याचं श्रेय पोचलं.

या दोन नावांनी मला फार समाधान दिलं. शोधणाऱ्यांनी स्वतःची नावं दिली नाहीत. आधी पाहून गेलेल्यांची दिली.

तिसरं नाव बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातून २००६ साली आलं, हेलिकोबॅक्टर सायनोगॅस्ट्रिकस. कुत्र्याच्या जठरातला, एवढाच त्याचा अर्थ. यातलं ‘सायनो’ ग्रीक ‘क्युऑन’वरून, आणि तो क्युऑन आपल्या ‘श्वन्’चा सख्खा भाऊ, भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द एकाच मुळातून काढतात. दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेला श्वान आणि गेंटच्या प्लेटवरची ती साय एका शब्दानं जोडलेली आहेत, हे वर्गात सांगताना मला दर वर्षी नव्यानं आनंद होतो.

हे जिवाणू कुत्र्याला आजारी पाडतात का, हा प्रश्न मला गावातही विचारतात. बहुतेक धडधाकट कुत्र्यांच्या जठरात ते असतातच, आणि त्यांच्यामुळेच ओकाऱ्या होतात असं ठामपणे म्हणता येत नाही. क्वचित ते माणसातही येतात. फिनलंडमध्ये पोटाच्या दुखण्याच्या एका रुग्णाच्या जठरातून बिझोझेरोनाय वाढवून दाखवला गेला आहे. म्हणून लेकरांनी कुत्र्याशी खेळून झाल्यावर हात धुवावेत, हे मी सांगतो. कुत्र्याला हाकला असं मी कधी सांगितलेलं नाही.

नवी प्रजाती म्हणजे काहीतरी लांबच्या, थंड देशातलं, असं मला तरुणपणी वाटायचं. ते मनातून गेलं ते लोणारमुळे. मेहकरहून थोडं पुढं गेलं की लोणार. आम्ही लहानपणी यात्रेला जायचो, धारेवर अंघोळ करायची, खाली सरोवराकाठी कमळजादेवीचं दर्शन घ्यायचं. सरोवराच्या पाण्यात हात घातला की साबण चोळल्यासारखा बुळबुळीत लागायचा, इतकं ते अल्कधर्मी. आजी म्हणायची, या पाण्यात काही जगत नाही. २०१० साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी त्याच पाण्यातून एक जिवाणू वेगळा केला, आणि तो इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवी प्रजातीच नाही, तर नवं वंशनाम करावं लागलं: इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस. २०१५ मध्ये बॅसिलस लोणारेन्सिस आला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावाचं नाव लॅटिन प्रत्यय लावून जगाच्या यादीत बसलं. मी ते आजीला सांगितलं असतं. ती तेव्हा नव्हती.

त्या यादीचे नियम कडक आहेत आणि मला ते आवडतात. जुन्या काळी एकाच जिवाणूला दहा जणांनी दहा नावं दिलेली असायची. म्हणून १ जानेवारी १९८० पासून पाटी पुसली गेली; हजारो जुन्या नावांतली नीट वर्णन असलेली दोन हजारांवर थोडी ठेवली, बाकीची गळली. आता नवं नाव द्यायचं तर त्या जिवाणूचा जिवंत नमुना किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत जमा करावा लागतो, कुणीही मागितला तर मिळेल असा. आपल्याकडे पुण्यात असा मोठा संग्रह आहे. बारीक काचनळ्यांत थिजवलेले हजारो जीव तिथं वाट पाहत असतात. चित्र चालत नाही, वर्णन पुरत नाही, रंगवलेली काचपट्टी तर नाहीच. जीव लागतो.

म्हणून माझ्या काचपट्टीवरचं मळसूत्र कोणतं, हे मला सांगता येत नाही. बिझोझेरोनाय असेल, फेलिस असेल, सालोमोनिस असेल, किंवा अजून कुणी न वाढवलेलं वेगळंच. आकार सगळ्यांचा मिळताजुळता. माणसाच्या जठरात दिसणाऱ्या अशा लांब मळसूत्रांना तर कितीतरी वर्षं सरसकट हेलिकोबॅक्टर हाइलमन्नाय म्हटलं जायचं, आणि त्या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या प्रजाती सुखानं नांदत होत्या. मोत्याच्या बाबतीत नेमकं उलट होतं. जीव एक, नावं तीन. अशा वेळी वर्गीकरणात एक रीत आहे: एक नाव मान्य धरायचं, पण बाकीची खोडायची नाहीत, ती पर्यायी नावं म्हणून खाली लिहून ठेवायची, म्हणजे जुने कागद वाचणाऱ्याला वाट सापडते.

यंदा निवृत्तीपूर्वी प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना ती काचपट्टी निघाली. शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी मदतीला होती, सिंदखेडराजाकडची. तिनं विचारलं, पाहू का? जिम्साचा रंग इतक्या वर्षांत उडून फिका गुलाबी झाला होता, मला आशा नव्हती. तिनं तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली घेतलं आणि काच तसू तसू सरकवत राहिली. पाव तास झाला. मी तिला म्हणणार होतो की राहू दे.

“सर, इथं एक हाय.”

मी पाहिलं. पेशीच्या कडेला, पाण्याच्या डागासारखं पुसट, पण वळणं स्पष्ट. तिनं पुन्हा डोळा लावला आणि मोजली. सहा. मी जुनी वही काढून दिली. १९९४ च्या नोंदीखाली तिनं तारीख टाकली, ‘वळणं ६’ लिहिलं, आणि पेन हातात धरून विचारलं, “सर, कुत्र्याचं नाव काय टाकू?”

मी तिन्ही सांगितली.